कोल्हापूरला पेटी थंड करायला

भाट्याहून कोल्हापूरला निघालो ते फिरायला नव्हे, रागाने. माझ्या सुनेचा, वृषालीचा कम्प्युटर ऐन दुपारी तापून बंद पडतो. ती पुण्याच्या कंपनीसाठी अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं करते. एका चित्राला यंत्र तासन् तास चालतं, आणि मध्येच विझलं की सगळं पहिल्यापासून. साहेबाने बजावलंय, आता काम चुकलं तर पुण्यातच येऊन बसा. मुलगा जहाजावर. सून गेली की नात ओवीही गेली. मग घरात मी आणि बाहेर माड.

ओवीला शेजाऱ्यांकडे ठेवून रत्नागिरी स्टँडवरून सकाळची एसटी पकडली. मला वयामुळे फुकट, सुनेला अर्धं तिकीट. कम्प्युटरची पेटी मागे डिकीत टाका म्हणणाऱ्या कंडक्टरवर ओरडलो आणि ती मांडीवर घेतली. जाणार असाल तर तोंडाला फडकं घ्या. हातखंब्यापुढे रस्ता खणून ठेवलाय, धुळीत पुढची गाडी दिसत नाही. खड्डा आला की मी पेटी पोटाशी धरायचो.

"अण्णा, बाळ नाहीये ते," वृषाली म्हणाली.

"बाळ असतं तर रडून सांगितलं असतं, कुठे दुखतंय ते!"

साखरप्याला वडा बरा मिळाला, चहा टाकण्याच्या लायकीचा. आंबा घाट चढल्यावर असा गार वारा आला की आणखी चिडलो. इथे कोणाला नको असलेला वारा, आणि आमच्याकडे पेटी जळतेय.

कोल्हापुरात राजारामपुरीतलं दुकान. मालक पोट सुटलेला, हसरा. म्हणाला, "तीन रस्ते हैत. मोठा पंखा, पाणी, न्हाईतर तेल." पाण्यात म्हणे बारीक नळ्या, पंप उष्णता वाहून नेतो.

"नळी फुटली तर?"

"फुटत न्हाई, आजोबा."

"माझ्या विहिरीच्या पंपवाल्यानेही हेच सांगितलं होतं!"

तेलात तर सगळी यंत्रं बुडवूनच ठेवायची, खाऱ्या हवेपासूनही वाचतात. "तळायची आहेत का?" मी विचारलं. वृषालीने किंमत विचारली आणि पंख्यांकडे वळली.

मग मालकाने विचारलं, "पेटी ठेवता कुठं?"

"सगळ्यात थंड खोलीत," मी म्हणालो. "काळोखी, ऊन शिरत नाही. मीच सुचवली. आंब्याची अढी लावतो तिथेच."

तो पोट धरून हसला. "आंबं पिकवायची भट्टी, अन् त्यात कम्प्युटर व्हय?"

साठ वर्षं अढी लावतोय मी. गवतात हात घातला की ऊब लागते, हे मला याने शिकवायचं? पण मला ते सुचलं नव्हतं, आणि त्याचाच संताप आला.

"पंखा घ्या, पाणी घ्या, तेल घ्या," तो आता न हसता म्हणाला. "उष्णता पेटीतनं निघून खोलीतच येणार. खोलीच तापली तर ती जाणार कुठं?"

वृषालीने मोठा पंखा घेतला. गळायला काही नाही, आणि बिघडला तर रत्नागिरीत दुसरा मिळेल. खारं वारं गाळायला जाळीही घेतली, दर आठवड्याला धुवायची. खारेपणा पूर्ण अडत नाही, हे मालकाने आधीच सांगितलं.

परतताना घाटात ती हळूच म्हणाली, "अण्णा, वाऱ्याची खोली आपल्या घरात एकच आहे."

"माहीत आहे मला." ती माझी. दोन खिडक्या, एक समुद्राकडची. संगमेश्वरच्या फाट्याशी आल्यावर म्हणालो, "खाट उद्या हलवू."

आता माझ्या खोलीत पेटी आहे आणि मी अढीशेजारी. अंगाला घाम, नाकात हापूसचा वास, डोक्यात राग. दुपारी चार वेळा दाराशी जाऊन विचारतो, "विझली का?"

"नाही, अण्णा. झोपा तुम्ही."

"झोप येतेय कुठे इथे!" असं ओरडून मी परत फिरतो. वाटेत ओवीची चप्पल पायात येते. रोज सांगतो, आत ठेव म्हणून.