गुरूच्या जवळून

परभणीहून जिंतूरला जाणारी बस खड्ड्यात आदळली आणि शेजारच्या पोरीचं बोट मोबाइलवर नको तेव्हा दाबलं गेलं. तिच्या खेळातलं यान थेट गुरू ग्रहाकडे पडायला लागलं. यानात तिघं होते आणि इंधन तळाला गेलं होतं.

पोरगी पंचविशीची असेल. नाव मी विचारलं नाही. ओठ चावत ती यानाच्या वाटेची रेघ बघत होती.

“परत पहिल्यापासून खेळ की,” मी म्हणाले.

“खेळ मागं नेता येतो आजी, पण मी नेत न्हाई. मग ह्यांना वाचवलं कसं म्हणायचं?”

“आता काय करशील?”

“गुरूच्या जवळून जायचं. तोच घराकडं फेकतो.”

“गोफणीसारखं?”

“गोफण आपण फिरवतो. इथं गुरू सोताच पळायलाय. आपण अंतर धरायचं. लय जवळ गेलं की गिळतो, लांब राहिलं की फेकत न्हाई.”

सासरी मी हेच अंतर धरून राहिले. पण ते असं शब्दांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढचा रस्ता आणखी खराब होता. माझं गाठोडं मांडीवर घेऊन, धक्का लागू नये म्हणून मी तिचा मोबाइलचा हात त्यावर टेकवला आणि ड्रायव्हरवर ओरडले, “हळू हाक रे, माणसं हायत!”

“दिसायलेत की मावशी,” कंडक्टर हसला.

तिनं बोट दाबलं. उरलेलं इंधन संपलं. यान गुरूला घासून गेल्यासारखं वळलं आणि पृथ्वीकडे सुटलं. मग तिनं खेळातला काळ भराभर पळवला. जिंतूर यायच्या आत यान छत्री उघडून समुद्रात उतरलं.

तिघंही वाचले.