एर्सिलियानं वळलेले दोर

एर्सिलिया खालच्या आळीतल्या दोरवाल्याची मुलगी. आमच्या वरच्या आळीतल्या ओलिंडो सुताराशी लग्न होऊन तीस वर्षं झाली, तरी आमच्या बायकांच्या तोंडी ती ‘खालची’च. मी भिंतीला भिंत लागून राहते, मला विचारा.

जत्रेत दोन्ही आळ्या जुन्या रोमन पद्धतीचं दगडफेकं यंत्र बांधतात. ज्यांचा धोंडा लांब, त्यांचा वर्षभर तोरा. आणि दुसऱ्या आळीतून आलेल्या बायकोनं जत्रेत माहेरी जायचं, शेवटची घंटा होईपर्यंत नवऱ्याचं तोंड बघायचं नाही. असला आमचा शहाणपणा.

यंत्राचा जीव दोरात. चौकटीत दोन बाजूंना घोड्याच्या केसांचे दोर पिळून ताणायचे, त्यांत लाकडी हात खोवायचे. यंदा आमचे दोर एर्सिलियानंच वळले, पीळही तिनंच दिला. माहेरी निघताना ओलिंडोला म्हणाली, “आता थांब. आणखी पिळलंस तर लाकूड मोडून तुझ्याच अंगावर येईल.”

तिची पाठ वळली नाही तोच आळीचा म्होरक्या ग्वाल्तिएरो म्हणाला, “बापाच्या आळीसाठी हातचं राखून गेली बघ.”

“तीस वर्षं माझ्या घरात आहे ती.”

“तीस वर्षं जेवली इथं. जत्रेला कुठं असते?”

सगळे फिदीफिदी हसले. ओलिंडो मेल्याला तेवढंही सोसवेना. पहार घेतली आणि स्वतःच्या हातानं पीळ वाढवला.

दुसऱ्या दिवशी चौकात यंत्राचे हात मागे ओढायला रहाट फिरवला, तसा एक हात कडाडून मोडला आणि तुकडा ओलिंडोच्या छातीत घुसला. रक्त पुसायच्या आधी आमची माणसं म्हणाली, “खालचीनं घात केला.” जनाची नाही, मनाची तरी?

डॉक्टरांनी आशा सोडली. ओलिंडोचं एकच चाललेलं, एर्सिलियाला आणा. मी धावत गेले. ती बापाच्या ओट्यावर शेंगा सोलत होती. काय झालं ते सांगितलं, तर म्हणाली,

“पीळ कुणी वाढवला?”

“त्यानंच. ग्वाल्तिएरोनं डिवचलं, तू अजून बापाच्या आळीचीच म्हणून.”

“मी सांगितलेलं विसरला होता?”

“नव्हता गं. चल, माणूस जातोय.”

“मी खालची ना? घंटा उद्या होईल. मग येईन.”

हातापाया पडले, हलली नाही. परत येऊन ओलिंडोला तिचं उत्तर सांगावं लागलं. पहाटे गेला.

घंटा झाली तशी ती आली, काळे कपडे घालून. त्याच्या गार कपाळावर हात ठेवून मला विचारलं, “शेवटी काय म्हणाला?”

मी काही लपवलं नाही. “म्हणाला, ग्वाल्तिएरोचंच खरं होतं.”

ती भिंत धरून खाली बसली.