ज्याचा वाढदिवस आधी

लग्न होऊन इरावती लंडनच्या वेम्बलीला आली, तेव्हा तिला इंग्रजी वाचता यायचं. पण बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची. डॉक्टरांनी काही विचारलं की नवराच उत्तर देऊन मोकळा. ‘अहो, दुखतंय माझं, मला सांगू द्या ना,’ असं ती एकदा बसमध्ये म्हणाली, तेव्हा परीक्षित बिचारा ओशाळला होता.

पन्नाशी उलटल्यावर मात्र तिनं बोलण्याचीच नोकरी धरली. लोकांची मतं जाणून घेणाऱ्या एका कंपनीत, कानाला हेडसेट लावून. यंदा काम अमेरिकेतलं होतं. तिथल्या एका राज्यात गव्हर्नर निवडायचा होता, आणि इरावती लंडनमधून घरोघरी फोन लावत होती. घरात ज्याचा वाढदिवस सगळ्यांत आधी येणार, त्याच्याशीच बोलायचं, असा नियम. नाहीतर फोनजवळ बसणारेच साऱ्या घराच्या वतीनं बोलतात.

एका संध्याकाळी एका म्हाताऱ्यानं फोन उचलला.

“वाढदिवस बायकोचा आधी. पण आजारपणापासून तिला शब्द पटकन सापडत नाहीत. मीच सांगतो. आमचं मत एकच असतं.”

“त्यांना बोलायला आवडेल का, एवढं विचाराल?”

थोडी कुजबुज झाली. फोन स्पीकरवर गेला.

“हो,” बाई म्हणाली.

इरावतीनं पहिला प्रश्न वाचला: नव्या गव्हर्नरनं आधी कशाकडे लक्ष द्यावं? पलीकडे नुसता श्वास. म्हाताऱ्याला राहवेना. “अगं, रस्ते म्हण की!”

“सर, त्यांना सांगू द्या. मी थांबते.”

सुपरवायझर शशीनं लांबलेला कॉल पाहून मान वर केली. इरावतीनं त्याला हातानंच थांबवलं.

“रस्ते... नको,” बाई म्हणाली. “शाळा. आधी शाळा.”

असं एकेक उत्तर येत गेलं. शेवटी मत कुणाला, असं विचारल्यावर मात्र तिनं न अडखळता नाव सांगितलं.

“काय?” म्हातारा ओरडलाच. “त्याला?”

बाई खळखळून हसली. “माझं... मत आहे!”

“आजारपणानंतर पहिल्यांदाच हसली हो अशी,” म्हातारा म्हणाला.

इरावतीला जास्त काही बोलायची मुभा नव्हती. तिनं आभाराचं ठरलेलं वाक्यच वाचलं, पण सावकाश, एकेक शब्द सुटा करत.

नोव्हेंबरात निकाल लागला. चहा घेता घेता तिनं तो मोबाइलवर पाहिला आणि चुकचुकली.

“तुला काय गं त्या गव्हर्नरचं?” परीक्षितनं विचारलं.

“एका बाईचा उमेदवार पडला.”

“कोण बाई?”

“नाव विचारायचं नसतं आम्ही,” इरावती म्हणाली आणि त्याच्या कपात आणखी चहा ओतला.