छत्तीस ठोके

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तो बावीस वर्षं काचा घासत होता. पुढे गिऱ्हाइकं आणि आरसे, मागे हा, त्याचं यंत्र आणि सगळ्या फळ्यांवर बसलेली पांढरी भुकटी. काचेची कड केसभर जास्त घासली गेली की ती फ्रेममध्ये बसत नाही, म्हणून मापावर त्याचा फार जीव. अंदाजपंचे बोलणारा माणूस त्याला मनातून आवडायचा नाही.

चव्वेचाळिसाव्या वर्षी पोट सुटलं, जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा त्याने जुनी सायकल घेतली आणि आमच्या रविवारच्या टोळक्यात आला. आम्ही सातजण. मी बँकेत, एक बेकरीवाला, एक शाळेतले सर, असे सगळे नोकरीधंदा सांभाळून पाय मारणारे. शर्यतीत कुणी कधी उतरलं नव्हतं.

नाडीचं खूळ त्यानेच आणलं. सकाळी जाग आली की पाय जमिनीला लावायच्या आधी, पडल्या पडल्या, मनगटावर दोन बोटं ठेवायची आणि पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. जसजसा दम वाढतो तसतसे हे ठोके कमी होतात, असं त्याने आम्हाला समजावलं. त्याचे स्वतःचे चौऱ्याहत्तर होते, ते वर्षभरात अठ्ठावन्नवर आले. पोर वर्गात पहिलं आल्यासारखा तो ते सांगत सुटला. तेव्हापासून त्याचं नाव पडलं ठोकेमास्तर. त्याची बायको म्हणायची, "लग्नाआधी मला बघून यांच्या काळजाचा ठोका चुकला होता म्हणे. तेव्हा मोजून ठेवला असता तर खरंखोटं कळलं असतं."

रविवारी निघण्याआधी आम्ही त्याला आपापला आकडा सांगायचो. कुणाचा सात-आठने वाढलेला असला की तो म्हणायचा, आज चढावर येऊ नकोस, अंगात काहीतरी शिजतंय. बेकरीवाल्याने एकदा ऐकलं नाही आणि दुसऱ्या दिवशी तापाने फणफणला. त्यानंतर मास्तरचा शब्द आमच्यात शेवटचा झाला.

त्याची सगळ्यात जास्त गट्टी होती ती लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याशी. हा आडव्या अंगाचा, बोलायला कमी, दिवसभर इमारतींच्या डोक्यावरच्या यंत्रखोल्यांत चढउतार करणारा. चढावर आमच्यातला सगळ्यात जोरकस तोच. वर पोचून सायकलला टेकून आमची वाट बघत उभा राहायचा. त्याचे ठोके सहासष्टवरून चोपन्नवर आले होते. मग पुढच्या चार महिन्यांत अठ्ठेचाळीस, त्रेचाळीस, एकोणचाळीस. आम्ही त्याच्या पाठीवर थापा मारल्या. मास्तर मात्र बावन्नवर अडकून बसला होता.

त्याच दिवसांत लिफ्टवाला चढावर मागे पडायला लागला. गुडघा धरतोय, म्हणाला. आम्हाला ते पटलं. गुडघा आमच्यात सगळ्यांचाच धरायचा.

एका मंगळवारी लिफ्टवाल्याची बायको चष्मा न्यायला दुकानात आली आणि सरळ मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"भावजी, हे जिना चढताना मध्येच थांबतात. परवा बाथरूममध्ये भिंत धरून उभे होते, डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाले. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणतात मास्तरला विचार."

"ठोके किती?" त्याने विचारलं.

"आज छत्तीस म्हणाले."

मास्तरने हातातली काच पुसली. मग तिला सांगितलं, की हृदय तगडं झालं की थोड्या ठोक्यांत काम भागतं, काळजीचं काही नाही, दमलाय, दोन रविवार घरी बसू दे. ती निर्धास्त होऊन गेली.

नऊ दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, लिफ्टवाला एका सहा मजली इमारतीच्या यंत्रखोलीत खाली बसून काम करत होता. उठला आणि उभ्याचा आडवा झाला. डोकं लोखंडी चौकटीच्या कोपऱ्यावर आपटलं. हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा नाडी अठ्ठावीस होती. डॉक्टरांनी गळ्याजवळून तार घालून हृदय चालतं केलं, ते नीट चाललंही. पण डोक्यात रक्त साकळलं होतं. चौथ्या दिवशी तो गेला.

डॉक्टरबाई आमच्याशी व्हरांड्यात बोलल्या. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खाली निघालेला इशारा वाटेतच अडत होता, म्हणून ठोके कमी. सायकल चालवणाऱ्या पुष्कळांची नाडी मंद असते आणि ती माणसं ठणठणीत असतात, त्या म्हणाल्या. पण मंद नाडी, वर चक्कर, आणि ताकद वाढायच्या ऐवजी घटतेय, असं असलं की कार्डिओग्राम काढायलाच हवा. पाच मिनिटांचं काम.

मास्तरने विचारलं, "कधीपासून असेल हे?"

"नक्की नाही सांगता येणार. आकडा भराभर उतरायला लागला तेव्हापासून, बहुतेक."

पंधरा-वीस दिवसांनी मास्तर लिफ्टवाल्याच्या बायकोला भेटायला गेला. मला बरोबर घेऊन गेला, एकट्याने जायचा धीर नव्हता. तिने पाणी दिलं. दाराशी लिफ्टवाल्याची सायकल होती, तिच्यावर कपडे वाळत घातले होते. चुकलो, एवढंच म्हणायला मास्तरला बराच वेळ लागला.

"मी तुम्हाला विचारलं होतं, भावजी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माहीत नाही म्हणाला असतात, तर मी त्यांना ओढत नेलं असतं."

शेजारची बाई आली, तसे आम्ही उठलो. पुन्हा या असं तिने म्हटलं नाही.

परत येताना त्याने मला सांगितलं. छत्तीस ऐकल्यावर त्याला क्षणभर काहीतरी खटकलं होतं. पण शंका काढली तर सगळे म्हणतील, स्वतःचे बावन्नच्या खाली येईनात म्हणून जळतोय. "आणि जळत होतोच रे मी," तो म्हणाला. "म्हणून उलट जास्त ठासून सांगितलं."

मी त्याची समजूत घातली. घरी येऊन आठवायला लागलो तर मी काय बोललो होतो ते मलाच धड आठवेना.

पुढच्या महिन्यात त्याने आमच्या मागे लागून प्रत्येकाला कार्डिओग्राम काढायला लावला. सगळे ठीक निघाले, त्याचाही. तरी त्याचा चेहरा उतरलेलाच राहिला. काही रविवार आला, सगळ्यांच्या मागून चालवत. कुणी सवयीने सकाळचा आकडा सांगितला की चाकाची हवा बघायला खाली वाकायचा. पावसाळ्यानंतर येणं बंद झालं. त्याची बायको मला बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, की पहाटे उठून नुसते बसून असतात, विचारलं तर काही नाही म्हणतात.

आता दुकानात काचा कारखान्यातूनच घासून येतात. मागची खोली बंद झाली आणि त्याला पुढे गल्ल्याशेजारी उभं केलं. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं. मी मधूनमधून डोकावतो. गेल्या आठवड्यात म्हटलं, रविवारी ये, नुसतं पुलापर्यंत जाऊन येऊ. बघतो, म्हणाला, आणि आला नाही. आम्ही आता पाचजणच जातो.