मुलाविरुद्धचा सामना

माझा नवरा फुटबॉलचा कोच आहे असं पुण्यात कुणाला सांगितलं की त्यांच्या डोळ्यांसमोर गोल चेंडू येतो. हा तो खेळ नव्हे. लांबट चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर पॅड आणि एकमेकांच्या अंगावर धावून जाणारी दांडगी मुलं. नवरा लहानपणी नागपूरहून आईवडिलांबरोबर कॅनडात व्हिटबीला आला. शाळेत तो सगळ्यांत थोराड होता, म्हणून त्याला या खेळात ओढलं, आणि तो पुन्हा त्यातून बाहेर पडलाच नाही. सासरे पाहुण्यांना सांगायचे, मुलगा युनिव्हर्सिटीत असतो. तिथे काय करतो ते सांगायचे नाहीत.

तो तिथल्या संघाचा बचावाचा कोच. समोरचा संघ काय करणार हे आधी ओळखायचं आणि आपल्या मुलांना शिकवायचं, हे त्याचं काम. आणि आमचा मुलगा झाला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन कुणाकडे फेकायचा ते ठरवणारा. घरामागच्या लॉनवर दोघं तासन्‌तास असायचे. पलीकडच्या टोकाला चेंडू झेलायला मी, हातात बर्फात घालायचे जाड ग्लोव्हज. मुलगा लांब फेकणार असला की चेंडू हातात येण्याआधीच त्याचा डावा पाय किंचित मागे सरकायचा. नवरा ओरडायचा, "पाय! पाय सांगून राहिला सगळं." त्याचं मराठी नागपूर सोडलं त्या वयातच थांबलेलं आहे, आणि जिवाला लागलं की तेच बाहेर येतं.

मुलगा बारावीत गेला तेव्हा निरनिराळ्या युनिव्हर्सिटींचे कोच आमच्या घरी येऊ लागले. आपल्याकडे यावं म्हणून मुलांची आणि आईबापांची मनधरणी करणं हा त्यांच्या कामाचाच भाग. ते माझा चहा पीत, वसतिगृहाबद्दल सांगत, आणि नवरा बाप म्हणून शेजारी बसून ऐके. मग एका रविवारी त्याचा स्वतःचा हेडकोच आला. त्या दिवशी नवऱ्याला सोफ्यावर कुठल्या बाजूला बसावं ते कळेना. शेवटी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

जाताना हेडकोच बूट घालता घालता हसत म्हणाला, तू स्वतःच्या मुलालाच आणू शकला नाहीस तर वरच्यांना कसं समजावू मी? नवरा पण हसला. त्यांचा संघ हरत होता आणि नवऱ्याचं कंत्राट दर वर्षी नव्याने व्हायचं, हे आम्हां तिघांनाही माहीत होतं. मुलाला नव्हतं. त्याला सांगायचं नाही, असं नवऱ्याने मला बजावलं होतं.

मुलाने जेवताना सांगितलं की तो टोरोंटोच्या संघाकडून खेळणार आहे. तो इंग्रजीतच बोलतो, मी मराठीत लिहिते आहे. मला म्हणाला, बाबाकडे गेलो तर चांगलं खेळल्यावर लोक म्हणणार बापामुळे, आणि वाईट खेळलो तर बाबा माझ्याकडे बघणार. तुला माहितेय तो कसा बघतो. नवऱ्याने उठून त्याच्याशी हात मिळवला, अभिनंदन केलं, आणि ड्राइव्हवे शोव्हल करायला, म्हणजे फावड्याने बर्फ काढायला, बाहेर गेला. बर्फ अजून पडत होता. शोव्हल केलेली जागा त्याच्या मागे पुन्हा भरत होती, तरी तो आत येईना.

पहिलं वर्ष मुलगा नुसता बाकावर बसला. दुसऱ्या वर्षी संघाचा मुख्य क्वार्टरबॅक जायबंदी झाला आणि आमच्या मुलाला जागा मिळाली. तो सुरेख खेळत होता. तिकडे नवऱ्याचा संघ सामन्यामागून सामना हरत होता. नवऱ्याची झोप गेली, खाणं गेलं. तो व्हिडिओ बघत बसे, आणि मी ऑफिसातून आले तरी मान वर करत नसे. हंगामाचा शेवटचा सामना राहिला होता, आणि तो मुलाच्या संघाशी होता. तोही हरला तर सगळ्या कोचना काढणार, हे आता कुणी हसून सांगत नव्हतं.

सामन्याच्या आठवड्यात तो एकदा लवकर घरी आला. मी भाजी चिरत होते. तो जॅकेट न काढता टेबलाशी बसला आणि म्हणाला, "संघातल्या मुलांना सांगितलं."

काय, ते मला विचारावं लागलं नाही. लांब फेकण्याआधी आमच्या मुलाचा पाय अजून सरकत होता. मीही टीव्हीवर पाहिलं होतं. दुसऱ्या कुणाला ते दिसत नसावं, कारण ते फार थोडं होतं. आम्हां दोघांना दिसायचं, कारण आम्ही लॉनवर उभे होतो.

मी म्हटलं, मी त्याला फोन करून सांगणार. नवरा म्हणाला, "कर. मी काय करू सांग ना. त्याला वाचवू की या पोरांशी खोटं बोलू? तीसुद्धा कुणाची पोरं आहेत. माझ्या भरवशावर मैदानात उतरतात." मग तो टेबलावर डोकं ठेवून रडला. लग्नानंतर मी त्याला तसं कधी पाहिलं नव्हतं, सासरे गेले तेव्हाही नाही. माझ्या हातात सुरी तशीच होती.

मी फोन केला. मुलाला वाटलं मी जेवणाचं विचारते आहे. मी म्हटलं, तुझ्या बाबाबद्दल एक सांगायचंय. तो अगदी हळू म्हणाला, "आई, प्लीज. या आठवड्यात मला काही सांगू नकोस. तू सांगितलंस तर मी खेळूच शकणार नाही."

मी म्हटलं, बाळा, ऐक तरी. त्याने गुडनाइट म्हणून फोन ठेवला. बाहेर अजून उजेड होता. मी पुन्हा फोन लावायला हवा होता की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. मी तो लावला नाही.

सामन्याला मी काळा कोट घातला, कारण दोन्ही संघांचे रंग घरात होते आणि एकही अंगावर घालवेना. थंड वारा सुटला होता. पूर्वार्धात मुलाने फेकलेला एकही लांब चेंडू पोचला नाही. नवऱ्याची मुलं जणू चेंडू निघण्याआधीच तिथे असायची. मुलगा दर वेळी हेल्मेटच्या कडेने आपल्याच खेळाडूंकडे बघे, चूक कुठे होतेय ते त्याला कळेना. दुसऱ्या बाजूला नवरा कानांवर हेडफोन लावून उभा होता. त्याच्या संघाला गुण मिळत होते आणि तो खाली मान घालत होता.

उत्तरार्धात पाय पुन्हा सरकला. मला इतक्या वरूनही दिसला. मी जागेवरून उठले. नवऱ्याच्या संघातला एक धिप्पाड मुलगा मोकळा धावत आला. तो आमच्या घरी येऊन गेलेला, पोहे आवडतात म्हणून पुन्हा मागून घेणारा. त्याने नियमातच धडक दिली, खरं सांगायचं तर चांगली दिली. आमचा मुलगा उजव्या खांद्यावर पडला आणि उठला नाही.

मी पायऱ्या उतरत होते तेव्हा पाहिलं, नवऱ्याने हेडफोन काढून जमिनीवर टाकला आणि तो मैदान ओलांडून सरळ चालत निघाला. पंचाने हात आडवा केला. हेडकोचने हाक मारली. तो थांबला नाही. मी कठड्यापाशी पोचले तेव्हा तो मुलाशेजारी गुडघ्यांवर बसला होता, आणि धडक देणारा तो मुलगा त्याच्यामागे उभा राहून रडत होता.

कॉलरबोन तुटलं होतं, खांद्याचा सांधाही निखळला होता. हॉस्पिटलमध्ये ऑपरेशनची वाट बघत असताना मुलाने नवऱ्याला विचारलं, "पाय होता ना?"

नवरा म्हणाला, "हो."

"मला वाटलं मी तो सुधारला."

नवऱ्याचा संघ सामना जिंकला, ते आम्हांला नर्सच्या फोनवरून कळलं.

त्याचं कंत्राट तरीही गेलं. सामना चालू असताना त्याने आपली जागा सोडली, हेही कारणांमध्ये होतं. तो सगळीकडे अप्लाय करत राहिला, व्हँकुव्हरलासुद्धा, आणि कुठूनच उत्तर येत नव्हतं. फोन वाजला की त्याचा चेहरा बदलायचा, तो मला बघवायचा नाही. ऐन थंडीत एक फोन आला. मुलाच्याच संघाला बचावाचा कोच हवा होता आणि त्यांना हा पसंत होता. नवरा त्या दिवशी पोटभर जेवला.

पण त्या लोकांनी सभ्यपणे आधी मुलाला विचारलं. मुलगा स्वतः ट्रेनने घरी आला. गळ्यातल्या पट्ट्यात अडकवलेला हात पोटाशी धरून तो दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, त्यांनी मला विचारलं. मी नको म्हटलं."

मला वाटलं आता हा माणूस कोसळणार. नवरा म्हणाला, "बरोबर केलं तू." त्याने मुलाच्या पायांतले बूट वाकून काढायला घेतले, कारण त्याला एका हाताने जमत नव्हतं. मुलगा भिंतीला टेकून रडत होता आणि नवरा बुटांच्या नाड्या सोडवत होता. मी वरण गरम करायला आत गेले. तिथे थांबणं मला शक्य नव्हतं.

आता नवरा शाळांमधून बदली शिक्षक म्हणून जातो. ज्या दिवशी शाळेचा फोन येत नाही त्या दिवशी बेसमेंटमध्ये बसून राहतो. मुलगा वर्षभराने पुन्हा खेळू लागला, पण खांदा पूर्वीसारखा नाही. तो दुसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक आहे, सामना हातचा गेला की शेवटी त्याला पाठवतात.

आम्ही दोघं बघायला जातो. नवरा आयुष्यात पहिल्यांदाच प्रेक्षकांत बसतो. मुलगा मैदानात आला की तो हात जॅकेटच्या खिशांत घालून समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत राहतो. धडकेचा आवाज वरपर्यंत येतो. मग तो मला विचारतो, "उभा आहे का?"

मी बघते आणि सांगते.