वारं अडवायला घातलेला पाया

आमच्या पेरूच्या बागेत बांधाकडे हातभर माती आणि खाली सलग काळा खडक. अवजारांसाठी मी तिथे पहिली टिनाची खोली उभारली, ती त्या हातभर मातीत बाभळीचे खांब रोवून. पहिल्याच वावटळीत खोली उठली आणि बांध ओलांडून चुलतभावाच्या खळ्यावर आडवी झाली. तो वयाने मोठा, मी त्याला दादा म्हणायचो. उचलू लागायचं सोडून त्याने चार माणसं गोळा केली.

"पाहा बे, याची खोली आपल्याकडे पाव्हणी आली! साडीचोळी करून धाडा लागते आता तिले."

ते हसणं मोताळ्याच्या बाजारापर्यंत गेलं. मीठ घ्यायला गेलो तरी दुकानदार विचारी, "खोली आली का माहेराहून?"

तेव्हाच ठरवलं, दादाच्या खळ्याचं वारंच बंद करायचं. खळ्याच्या पश्चिमेला, बांधाला लागून, उंच दगडी खोली. तुरीचं टोपलं घेऊन दादा उपणायला तिवईवर उभा आहे आणि पानही हलत नाही, हे चित्र रोज रात्री डोळ्यांपुढे आणून मी सुखाने झोपायचो.

बायकोने बागेच्या दुसऱ्या टोकाचा मऊ मुरूम दाखवला. "तिथं काऊन नाही बांधत तुमी?"

पण तिथून दादाचं वारं अडत नव्हतं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं, महायुद्ध चाललं होतं, सुरुंगाची दारू मागायची सोय नव्हती. म्हणून मी खडकावर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवायचो, तो तापला की घागरभर पाणी ओतायचो. खडक कडाडायचा, मग पहारीने चिपा काढायच्या. खडकाच्या उतारावर पायऱ्या पाडत, खाचांत दगड-चुना बसवत उन्हाळा संपला. भुवया जळाल्या. पश्चिमेचं गरम वारं तोंडावर आलं की म्हणायचो, वाहून घे बेट्या, तुझे दिवस भरले.

माघात दादाचं तुरीचं खळं लागलं. मी भिंतीआड कान देऊन बसलो. टोपलं हललं आणि वारं आलं. पूर्वेकडून! उन्हाळ्याचं वारं बघून मी हिवाळ्याचं अडवायला निघालो होतो. दरवर्षी माझ्या बागेत उडणारं कुटार, म्हणजे तुरीचा भुसा, आता माझ्याच भिंतीला अडून दादाच्या हद्दीत साचत होतं. त्याच्या बैलांची चैन.

भिंतीवर थाप मारून दादा म्हणाला, "उपकार झाले गड्या! आता नाही येत हे पाव्हणी."

खोली हलवावी, तर पाया खडकात. मी पहार उचलली आणि त्याच भिंतीला दाराएवढी खिडकी पाडली. समोरचं दारही उघडं टाकलं.

"खिडकी काऊन पाडली बे?"

"गरमी होते, दादा."

"माघात?"

कुटार भसाभसा आत येत होतं. अवजारं बुडाली, अंगभर खाज सुटली. मी खाजवत खाजवत माझा बैल आणला आणि खिडकीतून दादाला नीट दिसेल असा कुटारावर उभा केला.