त्या कपड्याला म्हणायचं काय?

परवा कॉलेज रोडवरच्या एका स्पोर्ट्सच्या दुकानात मजा आली. भाचीला बॅडमिंटनसाठी स्कर्ट हवा होता... आत शॉर्ट्स शिवलेली असते ना, तसला. काउंटरवरची मुलगी सहज म्हणाली, "मॅडम, स्कॉर्ट म्हणतात त्याला."

स्कॉर्ट! मी तिथल्या तिथे दोनदा म्हणून बघितलं. हा शब्द तेव्हा आमच्याकडे असता, तर माझ्या आईची केवढी डोकेफोड वाचली असती...

गोष्ट नव्वदीतली, मी नववीत होते तेव्हाची. आम्ही मखमलाबादला राहायचो, आबांची म्हणजे वडिलांची झेंडूची आणि भाजीपाल्याची शेती. शाळा शहरात, आणि शाळेच्या बॅडमिंटन टीममध्ये मी कशी कोण जाणे घुसले होते. इगतपुरीला मॅचेस ठरल्या आणि खेळाच्या बाईंनी सांगून टाकलं की सलवार-कमीज चालणार नाही, स्कर्ट नाहीतर शॉर्ट्स घालूनच यायचं.

इथेच घोडं अडलं. आबांना स्कर्ट मान्य नव्हता, कारण तो उडतो. हाफ पँट मान्य नव्हती, कारण ती पोरांची. आणि मला तर काहीही करून इगतपुरीला जायचंच होतं.

आई मोठी हिकमती. तिने पांढऱ्या टेरिकॉटचा चुण्यांचा स्कर्ट शिवला, आत त्याच कापडाची हाफ पँट, आणि दोन्ही एकाच कमरपट्टीत बसवलं. मी घालून अंगणात गिरक्या घेतल्या, उड्या मारल्या... कितीही उडालं तरी काहीच दिसेना! असा कपडा आधी कुणी शिवला असेल का, की अख्ख्या जगात हा एकच, याचंच मला भारी कुतूहल.

आईला मात्र वेगळीच काळजी. आबांना विचारायचं तर काय म्हणून विचारायचं? ज्याला आबांनी अजून नकार दिलेला नाही, असं एखादं नाव हवं होतं.

मग काय, बारसंच सुरू झालं. 'डिव्हायडर' आधी सुचलं, तो काही मुली पीटीला घालायच्या. पण तो मधून दुभागलेला असतो, आमचं प्रकरण निराळं. 'झाकणाची चड्डी' ही आईची कल्पना मी जागीच हाणून पाडली. शेजारच्या काकूंनी 'परकर-पँट' सुचवलं, ते ऐकून आई स्वतःच हसत सुटली.

मी खेळाच्या बाईंनाही विचारलं. त्या वैतागल्या. "अगं, घाल आणि खेळ. नावाचं काय लोणचं घालायचंय?" त्यांना कुठे आमच्या आबांची परवानगी काढायची होती...

शेवटी जेवताना आईने धीर केला. "पोरीला खेळायला टू-इन-वन शिवलंय."

आबांचा घास हातातच राहिला. "टू-इन-वन तर रेडिओ-टेप राहतो."

"हे बी तसंच हे. दोन्ही एकात."

"बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही, हे गोठ्यातल्या म्हशीलाही ठाऊक होतं. मी पांघरुणात तोंड खुपसून रडले. आबांचा खूप राग आला होता, कपडा नीट बघितलासुद्धा नव्हता त्यांनी.

मॅचच्या दिवशी उठले तर आबा झेंडू घेऊन मार्केटला गेलेले. ते टू-इन-वन... किंवा जे काय असेल ते... खाटेवर नीट पसरून ठेवलेलं. आणि त्यावर हळदी-कुंकवाचं बोट!

नवा कपडा अंगात घालण्याआधी आमच्याकडे त्याला हळद-कुंकू लावतात. पण ते आतल्या कोपऱ्याला, दिसणार नाही असं, आणि हे काम कायम आईचं. इथे तर पुढच्या बाजूला, बरोबर मधोमध, चांगला अंगठ्याएवढा पिवळा-लाल ठसा.

"आई, हे काय करून ठेवलंस?"

आई चुलीपासून उठून आली आणि बघतच राहिली. "मी नाय लावलं गं..." मग तिला हसूच फुटलं. "तुझ्या आबाला काय माहीत, कुठून लावायचं राहतं ते!"

आईच्या डोळ्यांत पाणीही होतं. मी दप्तर रिकामं करून त्यात रॅकेट कोंबली.

इगतपुरीला मी तशीच कोर्टावर उतरले. समोरची मुलगी शटलऐवजी माझ्या ठशाकडेच बघत होती. अंपायर बाईंनी विचारलं, "काय सांडलंय गं?" मी म्हटलं, "सांडलं नाही बाई, लावलंय." एक मॅच जिंकले, दुसरी सपाटून हरले.

दुसऱ्या दिवशी आईने तो कपडा दोनदा घासला, पण हळद कसली निघतेय. आबा शेतातून आले, वाळत घातलेल्या स्कर्टपाशी थांबले. जरा वेळ डागाकडे बघत राहिले, चुणी उचलून आतली हाफ पँटही बघितली.

"डाग पडला व्हय?" ते ओशाळून म्हणाले. "पुढच्या टायमाला आतून लावू."

पुढच्या टायमाला! मी ओसरीवर होते, तिथेच उड्या मारायला लागले. त्या कपड्याला आबांनी शेवटपर्यंत काहीच नाव दिलं नाही... पण मी कॉलेजपर्यंत खेळले, ते त्यांच्या त्या एका वाक्यावर. थँक यू, आबा.